रेषेच्या आतला भीमगड, रेषेबाहेरचं खानापूर

बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागचा पावसाला आसुसलेला पट्टा आहे आणि कणकुंबी-आमगावचं चार महिने धो धो भिजणारं जंगलही आहे. पूर्वेला टँकर, पश्चिमेला जळवा. निसर्गाच्या दृष्टीने या जिल्ह्यात जपायलाच हव्यात अशा जागा कोणत्या, असं विचारलं की बहुतेक जण भीमगडचं नाव घेतात. एखाद्याला घटप्रभेवरचं धुपदाळचं पक्षी अभयारण्य आठवतं. अभयारण्यं म्हणाल तर जिल्ह्यात ही दोनच, तेव्हा उत्तर चूक नाही. अपुरं मात्र आहे. ते अपुरं का राहिलं हे समजून घ्यायला भीमगडाइतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. भीमगडची रेषा आखताना जमीन कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहिलं गेलं, तिथे काय जगतं हे नंतर. म्हणून गव्याला आसरा मिळाला. गावाच्या मालकीचा झरा, देवाची राई आणि उघडा सडा, म्हणजे जांभ्याचं कातळपठार, मात्र कोणाच्याच खात्यात जमा झाला नाही.

एका वटवाघळाच्या जोरावर

खानापूर तालुक्यात तळेवाडीच्या जंगलात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथून मिळालेल्या एका वटवाघळाचं वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलं आणि रॉटन या वनाधिकाऱ्याच्या नावावरून त्याला 'ओटोमॉप्स रॉटनी' म्हटलं. अंगावर चॉकलेटी केस, मानेमागे फिकट करडा पट्टा, तोंडाच्याही पुढे झुकलेले लांबरुंद कान आणि पंखांच्या पडद्यातून बाहेर मोकळा निघालेला शेपटीचा शेंडा. किडे खाऊन जगतं. गुहेच्या छतातल्या खळग्यांत दाटीवाटीने लटकतं. मादी एका वेळी एकच पिल्लू देते. म्हणजे विणीच्या दिवसांत कोणी पलिता घेऊन आत शिरला, धूर झाला, माद्या बिथरून उडाल्या, की त्या वर्षाची पिढी खाली दगडावर. हे नुकसान लवकर भरून निघत नाही.

या गुहांपलीकडे हे वटवाघूळ जगात कुठे आहे, हे विसावं शतक संपत येईपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, २०२२ च्या दुरुस्तीआधी वटवाघळांच्या दोनच जाती बसलेल्या होत्या. एक ही, दुसरी सलीम अलींच्या नावाची. त्याच कायद्यात फळं खाणारी बाकीची वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. त्यामुळे भीमगडच्या जंगलासाठी झटणाऱ्यांच्या हातात मोठं हत्यार आलं. जगात फक्त इथे, हे तीन शब्द मंत्र्याच्या टेबलावरही समजतात.

डिसेंबर २०११ मध्ये भीमगड वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला दांडेलीचं, आता काळी नाव असलेलं, व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, १९९९ सालचं. उत्तरेकडे तिळारी, राधानगरी आणि मग चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघ या साखळीतून ये-जा करतो आणि खानापूर तालुका हा त्या वाटेचा गळा आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिळारीचं सुमारे ३० चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. गोव्यात म्हादईला व्याघ्र प्रकल्प करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला आणि गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तीन राज्यं, तीन वेगळ्या पाट्या, जनावर एकच.

कायद्याची वाटही समजून घ्यायला हवी. वन्यजीव कायद्यानुसार एरवी अभयारण्य करायचं तर आधी इरादा जाहीर करावा लागतो, मग जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांचे हक्क तपासून निकाली काढायचे, मग अंतिम अधिसूचना. जमीन आधीच राखीव जंगल असेल तर ही लांबची वाट चालावी लागत नाही. सरकार थेट हद्द जाहीर करू शकतं. साहजिकच सरकारचा हात आधी राखीव जंगलाकडे जातो. मालकी जमीन, गायरान, देवस्थानची जमीन, तलावाखालची जमीन, यांच्या वाटेला कोणी जात नाही. कटकट नको.

वटवाघळाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मेघालयात ते सापडलं, कंबोडियातही एक मिळालं. आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिधोक्यात असलेली ही जात 'माहिती अपुरी' या गटात गेली. बारापेडेचं मोल याने तसूभरही कमी झालेलं नाही, पण एकाच प्राण्याच्या दुर्मिळतेवर सगळी मागणी उभी केली की अशी पंचाईत होते. उद्या कोणी विचारलं, आता तर दुसरीकडेही आहे ना, तर उत्तर काय देणार?

आत राहिलेली माणसं

अभयारण्याच्या आत आणि कडेला गावं आहेत: गवाळी, पास्टोली, कोंगळा, देगाव, तळेवाडी, आमगाव, कृष्णापूर, हेम्माडगा. बहुतेक मराठी बोलणारी, भातशेती आणि थोडा नाचणा करणारी. पावसाळ्यात ओढे भरले की तुटतात. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी तिरडीसारखा स्ट्रेचर करून भर पावसात जंगलवाटेने खांद्यावरून नेलं, ती बातमी जिल्ह्यात सगळ्यांनी वाचली. रस्ता मागितला की वन्यजीव कायदा आडवा येतो, आणि रस्ता नाही म्हणून गाव हलवा असंही तेच खातं सांगतं. हा पेच कोणत्याही बाजूने सोपा नाही. चांगला डांबरी रस्ता झाला की त्या रस्त्याने अँब्युलन्सआधी रिसॉर्टवाला येतो, हेही मी जांबोटीकडे पाहिलेलं आहे.

तळेवाडीने हलायचं ठरवलं. कुटुंबामागे १५ लाख रुपयांच्या पॅकेजमधला पहिला हप्ता मे २०२५ मध्ये २७ कुटुंबांना मिळाला. बारापेडेच्या शेजारचंच हे गाव. तिथल्या तरुणांनी आपणहून निर्णय घेतला असेल तर बाहेरच्या कोणी त्यांना अडवण्याचा प्रश्न नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की आधी हक्क ठरवा, मग हलवण्याची भाषा करा, आणि तीही ग्रामसभेच्या संमतीने. इथल्या मराठा कुळवाड्यांना हा हक्क आदिवासी म्हणून मिळत नाही. 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. १३ डिसेंबर २००५ पासून मागे ७५ मोजली की आपण १९३० सालात जातो. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. त्या काळातले कागद मराठीत, काही मोडीत, आणि आजचं कामकाज कानडीत. कागद आहे पण तो वाचून अर्जाला जोडणारा माणूस नाही, अशी अडचण या भागात नवी नाही.

याचा परिणाम अभयारण्याबाहेरच्या गावांवरही झाला. एखाद्या गावात जाऊन तुमच्याकडे जुनी राई आहे का, बारमाही झरा आहे का, असं विचारून पाहा. चहा मिळेल, गप्पा होतील, उत्तर मिळणार नाही. 'तुम्ही लिहून न्यायचं आणि मागनं फॉरेस्टवाले यायचे,' हा सूर हमखास निघतो. लिहून घेणं म्हणजे काढून घेणं, असा धडा लोकांनी घेतलेला आहे. महत्त्वाच्या जागा ओळखण्याच्या कामातला हा सगळ्यात मोठा अडथळा, आणि तो निसर्गाने घातलेला नाही.

पाणी

भीमगडच्या जंगलात देगावजवळ म्हादई जन्मते आणि पश्चिमेला गोव्याकडे जाते. तिथून फार लांब नाही, कणकुंबीला, मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. मध्ये डोंगराची एक धार. धारेच्या या बाजूला पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो, त्या बाजूचा बंगालच्या उपसागरात. कळसा नाल्याचं म्हादईकडे जाणारं पाणी मलप्रभेत वळवायचं ही योजना या धारेवरच बेतलेली आहे. कणकुंबीला कालवा खोदलेला आहे, जाऊन पाहता येतो.

म्हादई पाणीतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यातलं ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेकडे वळवण्यासाठी, मोठा वाटा वीजनिर्मितीसाठी. सुधारित प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मान्यता डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली आणि लगेच जानेवारीत गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी वन्यजीव कायद्याखाली नोटीस काढली. हुबळी-धारवाडच्या लोकांची पाण्याची गरज खोटी नाही. उन्हाळ्यात तिथे आठवड्याने नळाला पाणी आलेलं मी अनुभवलं आहे. पण दोन्ही राज्यांच्या वकिलांनी जो हिशेब मांडला तो टीएमसीचा. कणकुंबी-देगाव-आमगावच्या डोंगरउतारावरचे झरे कुठे आहेत, कोणता बारमाही आणि कोणता जानेवारीत आटतो, कोणत्या झऱ्यावर कोणत्या वाडीचं पिणं आणि कोणत्या जनावरांचा मे महिना अवलंबून आहे, याची गावागणिक यादी त्या भांडणात कोणालाच लागली नाही. नदीचा वाद झाला, उगम तसाच राहिला.

कस्तुरीरंगन समितीचा मार्गही इथे अडतो. त्या अहवालावरून पश्चिम घाटात पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचे सहा मसुदे केंद्राने मार्च २०१४ ते जुलै २०२४ या काळात काढले. कर्नाटकाच्या वाट्याला २०,६६८ चौरस किलोमीटर. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने तो अहवाल पुन्हा नाकारला. या पद्धतीत एकक आहे ते अख्खं गाव: उपग्रहाच्या चित्रात गावाचा ठराविक हिस्सा संवेदनशील दिसला की पूर्ण गाव यादीत. शेतकऱ्याला कळतच नाही की आपल्या शिवारात नेमकं मोलाचं काय आहे. त्याला एवढंच कळतं की घर बांधायला अडचण येणार. पुढारी त्याच भीतीवर निवडणूक लढवतात.

राई, सडा आणि देवगांडूळ

आता रेषेबाहेर. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एक राई आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दीड-दोन एकर असेल. आत शिरलं की उजेड एकदम खाली येतो. किंदळ, बेहडा, जांभूळ, एक म्हातारी सुरंगी, आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेला गारंबीचा वेल, माणसाच्या मांडीएवढा जाड. पालापाचोळा उचलायचा नाही, वाळकी फांदीही घरी न्यायची नाही. राईच्या खालच्या अंगाला दगडांत पाणी झिरपतं आणि तिथून पाटाने तीन-चार जणांच्या भातखाचरांत जातं. मे महिन्यात तालुक्यातले ओढे कोरडे पडलेले असताना तिथला दगड ओला होता. देवाचा दगड पूर्वी उघड्यावर होता. आता त्यावर स्लॅब पडलाय, फरशी आली, समोर पेव्हर ब्लॉक. बेळगाव-गोव्याला नोकरी करणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून जीर्णोद्धार केला. त्यासाठी सहा-सात झाडं गेली. कायदा कुठे मोडला? कुठेच नाही. वाईट हेतू कोणाचा होता? कोणाचाच नाही. राया अशाच संपतात, भक्तीने.

सड्याची गोष्ट आणखी वाईट. जांभ्याचा उघडा कातळ, आठ महिने भाजलेल्या तव्यासारखा. महसूल दप्तरात अशा जमिनीला पीक नाही म्हणून किंमत नाही. उताऱ्यावर ती खराब्यात जाते. देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशातही खडकाळ, ओसाड असा वर्ग आहे. जुलै-ऑगस्टात त्याच कातळावर बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, किडे खाणारी दवबिंदू चिकट पानं पसरून बसते. दसऱ्यापर्यंत सगळं आटोपतं. मार्चमध्ये पाहणीला आलेल्या माणसाला तिथे काहीच दिसणार नाही आणि तो प्रामाणिकपणे लिहील, ओसाड. अशा जागी चिरेखाण, सोलर किंवा रिसॉर्टचं पार्किंग सगळ्यात आधी येतं.

आणि देवगांडूळ. गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर. २००७ साली 'गेगेनियोफिस म्हादेइएन्सिस' या नव्या जातीचं वर्णन झालं ते चोर्ल्यातून, म्हणजे खानापूर तालुक्यातून. म्हादईचं नाव मिळालेला हा जीव शेताच्या बांधाखाली, गोठ्यामागच्या ओल्या मातीत, सुपारीच्या पाटाकडेला राहू शकतो. त्याला १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य लागत नाही. त्याला ओली, रसायन न पडलेली, जेसीबीने न उलटलेली माती लागते, आणि ती माती कोणाच्या तरी सातबाऱ्यावर, आपल्याकडच्या भाषेत आरटीसीवर, असते.

ती जमीन आता कोणीही घेऊ शकतो. कर्नाटकाने २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढून टाकली. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्याची आडकाठी गेली. चोर्ला घाटाच्या रस्त्याने आता जमिनीच्या विक्रीच्या पाट्या मोजत जाता येतं.

दोन हेक्टरचा तोडगा

बेळगावकर पावसाळ्यात आंबोलीला धबधबा पाहायला जातात. तिथून जवळच हिरण्यकेशीचं उगमस्थान आहे, महादेवाचं देऊळ आणि पुढे कुंड. हीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात येते आणि घटप्रभेला मिळते. त्या कुंडात एक छोटा मासा मिळाला. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' म्हणून २०२० मध्ये त्याचं वर्णन झालं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कुंडाभोवतीचं २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. देऊळ चालू, पूजा चालू, यात्रा चालू. कोणाचं घर हललं नाही.

हे जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली झालं, आणि हे कलम कर्नाटकाला नवखं नाही. देशातलं पहिलं जैविक वारसा स्थळ कर्नाटकातलंच, देवनहळ्ळीजवळचं नल्लूरचं चिंचबन, २००७ सालचं. तेही काही हजारो एकर नाही, ५४ एकर. त्याच कर्नाटकाला कणकुंबीच्या रामेश्वराजवळच्या मलप्रभेच्या उगमाला, तिथल्या राया आणि सड्यांना हा न्याय का लावता येऊ नये, याचं पटणारं उत्तर मला तरी मिळालेलं नाही. वन्यजीव कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने समुदाय राखीव ही तरतूद आली: जमीन गावाची किंवा खासगीच राहते, व्यवस्थापन समितीत गावचेच लोक बसतात. तालुक्यातल्या राईच्या मालकांना हे कोणी सांगितलेलं नाही. सांगायला जो जातो तो खाकी कपड्यात जातो, आणि मग चहाच मिळतो.

सगळं जाहीर करायलाच हवं असंही नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात एकेका काउंटीच्या निसर्गदृष्ट्या महत्त्वाच्या जागांची यादी तयार केली गेली. यादीत नाव आलं म्हणून जमीनमालकावर बंधन येत नाही. रस्ता, वसाहत, खाण यांचा आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर ती असते, एवढंच तिचं काम. आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर असं काही नाही. कालव्याची, चौपदरी रस्त्याची, वीजवाहिनीची रेघ आधी पडते आणि त्या रेघेवर काय होतं ते नंतर वर्तमानपत्रातून कळतं.

खरं तर साधन हाताशी आहे. त्याच जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सक्तीची केली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, नाही केलं तर राज्याला महिना १० लाखांचा दंड. मग देशभर घाई उडाली. घाईत भरलेली वही कशी असते हे पंचायतीत काम केलेल्याला सांगायला नको. आंबा, फणस, वड, पिंपळ, म्हैस, कोंबडी. एका गावची दुसऱ्या गावाला चालेल अशी.

जांबोटी-कणकुंबी भागातल्या पंचायतींनी ही वही नव्याने भरायची तर तीन गोष्टी पाळाव्या लागतील. ती आधी मराठीत भरली जावी, कानडी प्रत पीडीओने, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याने, मागाहून करून घ्यावी. राईची नेमकी जागा वहीत असावी पण जाहीर फलकावर नसावी, कारण बारापेडेला काय होतं ते आपण वाचलंच. आणि काम जून ते सप्टेंबर करावं. या महिन्यांत रोप लावणी चालू असते, बाया-माणसं गुडघाभर चिखलात असतात, दुपारी कोणाला वेळ नसतो. तेव्हा संध्याकाळी, जेवणाआधी, देवळात बसावं लागेल. सडा तेव्हाच फुललेला असतो, देवगांडूळ तेव्हाच मातीच्या वर येतं. कोणता झरा बारमाही हे मात्र मे महिन्यातच कळतं. त्यासाठी पुन्हा एकदा यावं लागेल, आणि एका आर्थिक वर्षात बिल काढायचं असलेल्या कंत्राटदाराला हे काम देता येणार नाही.